लांबलेलं आजारपण: आधी ईएसआय घ्यावं की आधी रजा संपवावी?

नाशिकच्या अंबडला सीएनसी मशीनवर काम करणाऱ्या माझ्या धाकट्या दिराला ऐन नोव्हेंबरात मणक्याचा टीबी निघाला. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळणार होती. पण सुरुवातीचे काही महिने अंथरुणातच काढायचे आणि वर्षभर तरी वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. घरी सिडकोतल्या घराचा हप्ता, शाळेत जाणारी दोन मुलं आणि पगार १८ हजार. त्या आठवड्यात ज्याला विचारावं तो निराळंच सांगायचा. कंपनीचं टाइम ऑफिस म्हणालं, आधी सगळी पगारी रजा टाका, पूर्ण पगार मिळेल, ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) नंतर बघू. शेजारचे काका म्हणाले, पीएफ काढा. एकाने तर राजीनामा देऊन हिशोब करून घ्यायला सांगितलं.

कागदपत्रं माझ्याकडे होती, म्हणून या सगळ्या वाटा शेजारी शेजारी मांडून बघणं माझ्याकडे आलं. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी हा प्रश्न येतोच, आणि येतो तेव्हा विचार करायला चार दिवससुद्धा मिळत नाहीत.

ईएसआयमध्ये असाल तर

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल (दिव्यांग कामगारांसाठी २५,०००) आणि कंपनी ईएसआयखाली येत असेल, तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ही कपात दवाखान्यासाठी असते एवढंच बहुतेकांना माहीत असतं. बुडालेल्या पगाराची भरपाईही त्यातूनच मिळते, हे आमच्या घरात तरी कुणाला ठाऊक नव्हतं.

भरपाई अशी असते. साध्या आजारपणाला सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत. टीबी, कर्करोग, अर्धांगवायू, निकामी झालेली मूत्रपिंडं, कुष्ठरोग अशा ३४ दीर्घ आजारांसाठी ते ९१ दिवस संपल्यावर विस्तारित आजारपण लाभ सुरू होतो. त्याचा दर ८० टक्के, आणि तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी कालावधींत (प्रत्येक सहा महिन्यांचा) मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. पैसे थेट बँकेत येतात.

आता हे पगारी रजेच्या शेजारी ठेवा. ज्या दिवसाचा रजेचा पगार घेतला, त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही. दोन्हीपैकी एकच निवडायचं. वरवर पाहता पूर्ण पगार केव्हाही बरा, आणि टाइम ऑफिसच्या सल्ल्यामागेही एवढंच गणित होतं. पण रोज ६०० रुपये धरून बघा. रजा टाकली तर दिवसाचे ६०० मिळतात, ईएसआयवर राहिलं तर ४२०. म्हणजे एक अख्खी रजा खर्चून हातात जादा पडले फक्त १८०. विस्तारित लाभात तर ४८० मिळतात, तिथे रजेने जेमतेम १२० वाढतात. तीच रजा ईएसआय संपल्यावर किंवा कामावर परतल्यावर वापरली, तर तिचे पूर्ण ६०० मिळतात.

दिराच्या १८ रजा सुरुवातीलाच खर्ची पडल्या असत्या, तर ३,२४० रुपयांच्या फायद्यासाठी १०,८०० रुपयांची रजा गेली असती. शिवाय ही रजा फार साठतही नाही. जुन्या कारखाना कायद्यासारखंच आताच्या कामगार संहितेच्या हिशोबानेही दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस मिळतो आणि पुढच्या वर्षात न्यायची मर्यादा ३० दिवसांची. म्हणून ईएसआय असलेल्या माणसाला माझा सल्ला ठाम आहे: आधी ईएसआय, रजा मागे ठेवा.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. साधा आजारपण लाभ मिळायला त्या त्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ ठरतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमधला. म्हणजे नोव्हेंबरात अंथरूण धरलेल्या माणसाला त्या वेळी पैसे मिळतात ते आधीच्या ऑक्टोबर ते मार्चमधल्या कामावर. पण या चालू ऑक्टोबर ते मार्चमध्ये तो कामावरच नसेल, तर पुढच्या जुलै ते डिसेंबरसाठी ७८ दिवस भरतीलच असं नाही. पगारी रजेच्या दिवसांची वर्गणी मात्र कापली जाते आणि ते दिवस मोजले जातात. तेव्हा ७८ला दहा-पंधरा दिवस कमी पडत असतील आणि कालावधी संपायला अजून वेळ असेल, तर तेवढ्या रजा तिथे टाकणं शहाणपणाचं आहे. टीबीसारखा ३४मधला आजार असेल तर ही चिंता कमी, कारण विस्तारित लाभाची अट चार कालावधींवर पसरलेली आहे. पण पाठीच्या गादीचं ऑपरेशन, वाईट बसलेलं हाड, लांबलेली कावीळ अशा आजारपणात हे ७८ दिवस कॅलेंडरवर खरंच मोजा.

पगारवाढीचीही अशीच एक गोष्ट आहे. वर्गणी कालावधीच्या मध्येच पगार २१,०००च्या वर गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत ईएसआय चालू राहतं आणि त्यावरचा लाभ पुढच्या लाभ कालावधीत मिळतो. नोव्हेंबरात वाढ झालेल्या माणसाचं नाव लगेच कटत नाही. "तुम्ही आता ईएसआयमध्ये नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर तारखा काढून दाखवा. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे पगाराची स्लिप पुढ्यात घेऊनच २१,०००चा हिशोब करा.

दुखणं कामावरच्या अपघातातून आलं असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवा. प्रेसमध्ये बोट गेलं, क्रेनचा हूक लागला, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्क्यांनी मिळतो आणि त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरला त्याच दिवशी व्हायला हवी. ती नोंद टाळून "आजारी म्हणून दाखवू" असं कुणी म्हणालं, तर ९०च्या जागी ७० टक्के मिळणार आहेत हे लक्षात ठेवा.

ईएसआयच्या वाटेतला खरा त्रास कागदांचा आहे. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पैसे सहजासहजी निघत नाहीत. दिराला बसवत नव्हतं, तरी रिक्षात आडवं घालून सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात न्यावं लागायचं. त्र्यंबक रोडवरचा प्रत्येक गतिरोधक त्याच्या चेहऱ्यावर दिसायचा. पहिला हप्ता यायलाही वेळ लागला. त्या मधल्या काळासाठी महिन्याभराचा खर्च हाताशी हवाच. रजेचा पगार मात्र एका अर्जावर महिन्याच्या महिन्याला येतो. घरात आठवड्याचा किराणा भरायलाही पैसे नसतील, तर पहिले आठ-दहा दिवस रजेवर काढण्यात मला काही चूक वाटत नाही.

आणि प्रत्येक सर्टिफिकेटची प्रत रजेच्या अर्जासोबत कंपनीत द्यायची, पोच घ्यायची. ईएसआय आपल्या बाजूचं सगळं बघतंय म्हणून कंपनीला कळवायचं राहून गेलं, तर तिकडे गैरहजेरी लागत राहते. आमच्याकडे हे एकदा घडलं. घरी नोटीस आली, आणि पोच घेतलेली प्रत होती म्हणून विषय दोन दिवसांत मिटला.

पगार २१,०००च्या वर असेल तर

इथे चित्र एकदम पालटतं. नाशिकमधल्याच द्वारकेजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीला स्तनाचा कर्करोग झाला. पगार दिरापेक्षा दुप्पट, पण आजारपणात तिची बाजू त्याच्याहून लंगडी निघाली. दुकानं व आस्थापनांच्या २०१७च्या महाराष्ट्राच्या कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि साठवलेली पगारी रजा जास्तीत जास्त ४५ दिवस एवढंच बसतं. त्यापुढे मालकाची मर्जी किंवा बिनपगारी.

अशा वेळी लोक चार गोष्टींची नावं घेतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की निर्णय चुकतो. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या दोन्ही रुग्णालयाचं बिल भागवतात. जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण दोन्हींतून घरभाडं निघत नाही. ग्रुप मेडिक्लेम तर नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटायच्या आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा करून ठेवा. आजार झाल्यावर बाहेर नवी पॉलिसी मिळणं फार कठीण.

बुडालेल्या पगाराची जागा थोडीफार भरते ती गंभीर आजाराची पॉलिसी. निदान झालं की ठरलेली रक्कम एकरकमी, बिल कितीही असो. तिच्या मर्यादाही ओळखून घ्या: पॉलिसी घेतल्यावर साधारण पहिले ९० दिवस लाभ नाही, निदानानंतर बऱ्याचदा ३० दिवस हयात राहण्याची अट, आणि यादीतलेच आजार. दिराचा टीबी अशा यादीत सहसा नसतो. ईएसआयच्या यादीत तो आहे. मैत्रिणीने ही पॉलिसी घेतलेली नव्हती. पगार २१,००० ओलांडून ईएसआयमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्याच महिन्यात ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

राहिला पीएफ. आजारपणासाठी काढलेला पीएफ परत भरावा लागत नाही, आणि जून २०२५पासून ५ लाखांपर्यंतचे असे अर्ज आपोआप मंजूर होण्याची सोय झाली आहे. म्हणूनच मोह होतो. पण २०२४-२५चा व्याजदर ८.२५ टक्के होता. याच दराने आज काढलेले एक लाख २० वर्षांत पावणेपाच लाखांच्या वर गेले असते. नातेवाइकाकडून बिनव्याजी उसने मिळत असतील तर आधी तिथे जा. सोनं गहाण ठेवणं आणि पीएफ काढणं यात मात्र मी पीएफ काढीन, कारण हप्त्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावर नको.

सरकारी नोकरी

जिल्हा परिषदेत किंवा शासकीय कार्यालयात असाल तर फार घाबरू नका. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, साठा ३०० दिवसांपर्यंत, आणि वर्षाला २० दिवस अर्धपगारी. १५ वर्षं झालेल्या माणसाने अर्धपगारी रजेला हात लावला नसेल तर ३०० दिवस जमतात, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर त्यांचे १५० दिवस पूर्णपगारी करून घेता येतात. इथे क्रम उलटा: आधी ही परिवर्तित रजा, मग अर्जित, कारण निवृत्तीच्या वेळी अर्जित रजेचे पूर्ण पैसे मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं.

राजीनाम्याचा कागद

सगळ्यात घातक सल्ला हाच होता, आणि तो देणारा माणूस आमच्या भल्याचाच विचार करत होता. ईएसआयचा आजारपण लाभ चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नव्हतं, तेव्हाच्या ईएसआय कायद्यातच तशी तरतूद होती. हे संरक्षण स्वतःच्या सहीने सोडून द्यायचं कशाला? ईएसआय नसलेल्यांनी तर जास्तच सावध राहावं. सततच्या आजारपणामुळे संपवलेली नोकरी कायद्याने छाटणी धरली जात नाही, त्यामुळे छाटणीची भरपाई मिळत नाही.

काम करणं खरोखरच अशक्य झालं असेल, तर कागदावर खरं कारण लिहा. अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असेल तर पीएफच्या पेन्शन योजनेतून दहा वर्षांच्या आतही पेन्शन मिळू शकतं. राजीनाम्यात "घरगुती कारणास्तव" असं लिहून दिलंत की हे दोन्ही दावे मांडणं कठीण होऊन बसतं. आमच्यासमोर आलेल्या तयार मसुद्यात हेच शब्द होते. दिराने सही केली नाही.

तो पुढच्या दिवाळीनंतर फिट सर्टिफिकेट घेऊन रुजू झाला, बसून करायच्या तपासणीच्या कामावर. त्याच्या १८ रजा शिल्लक होत्या. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जायचं असतं, त्या दिवशी तो आता एक रजा टाकतो.