ठाण्यात कॅम्परसाठी बॅटरी घ्यायची असेल तर: वागळे इस्टेट, आयटीआय सर्कलजवळचं दुकान

आमच्या जुन्या विंगरला आम्ही दोन वर्षं हळूहळू कॅम्पर करतोय, मागे झोपायची सोय, छोटा ओटा, पडदे सगळं झालं पण टीव्हीचं काही केल्या जमत नव्हतं. टीव्ही कशाला असं सगळेच विचारतात. तर नाना, म्हणजे माझे सासरे, प्रत्येक ट्रिपला आमच्याबरोबर असतात आणि त्यांना सह्याद्रीवरच्या संध्याकाळी सातच्या बातम्या लागतात, मोबाईलवर त्यांना नीट दिसत नाही आणि माळशेजला रेंज पण धड नसते.

आधी आम्ही ऑनलाइन एक स्वस्तातला 600 वॉटचा इन्व्हर्टर मागवून गाडीच्याच बॅटरीला लावला होता. टीव्ही चालला पण आवाजात सतत गुणगुण, आणि सकाळी गाडी स्टार्टच होईना, नुसती टकटक. थंडीत नाना शाल गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभे, शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्या भाऊंनी केबल लावून गाडी चालू करून दिली. तेव्हाच ठरवलं की आता जाणकार माणसालाच विचारायचं.

दुकानात मी 100 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी आणि मोठा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखा स्वच्छ करंट देणारा) इन्व्हर्टर मागायला गेले होते, पैसे पण तेवढे काढून ठेवले होते. दुकानातले दादा म्हणाले, "ताई, टीव्हीचा अडॅप्टर आणलाय का? त्यावर काय लिहिलंय ते वाचा आधी." आमचा टीव्ही 24 इंची, अडॅप्टर बाहेरचा, त्यावर 12 व्होल्ट 3 अँपिअर. मग त्यांनी काउंटरवरच क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, लावून दाखवलं. इन्व्हर्टर नुसता चालू, टीव्ही बंद, तरी 0.9 अँपिअर जातंय. टीव्ही लावला की 4.4. आणि तोच टीव्ही इन्व्हर्टर काढून 12 व्होल्टच्या रेग्युलेटरवरून (व्होल्टेज 12 वरच स्थिर ठेवतो तो) थेट लावला तर 2.6! म्हणजे बॅटरीतले 12 व्होल्ट आधी 230 करायचे आणि मग अडॅप्टरने परत 12 करायचे, या उलटसुलट प्रकारात जवळजवळ 40 टक्के वीज वाया जात होती, आणि हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. रेग्युलेटर मात्र पाहिजेच, कारण लिथियम बॅटरी चार्ज होताना 14.6 व्होल्टपर्यंत जाते, तेवढे सरळ टीव्हीत सोडायचे नाहीत.

शेवटी घेतली 50 एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी. हिशोब त्यांनी कागदावर मांडून दिला, बॅटरीत एकूण 640 वॉट-अवर वीज, त्यातले साधारण 550 वापरायचे. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून 43 वॉट, रोज चार तास, शिवाय दिवे आणि छोटा पंखा धरून दोन रात्री निघतात. 100 एएच विकली असती तर त्यांनाच जास्त मिळाले असते हो, आणि मी घेतली पण असती. मला या दुकानाचं हेच सगळ्यात आवडलं.

गाडीच्या बॅटरीचं पण समजावलं, ती स्टार्टरला काही सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास उपसली की खराब होते. म्हणून दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवल्या आणि मध्ये 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर टाकला, तो गाडी चालताना ठरावीक करंटनेच दुसरी बॅटरी भरतो, कारण लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनवर चालणारा गाडीचा जनरेटर) थेट जोडली तर ती एवढा करंट खेचते की अल्टरनेटर तापतो. आता कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला पोचेपर्यंत बॅटरी भरलेली असते. पॉझिटिव्हला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकलाय, तो त्यांनी मी न सांगता टाकला.

तक्रार एकच. दोन दिवसांत गाडी देतो म्हणाले आणि पाच दिवस लागले, मधे दोनदा मीच फोन केला, त्यांनी स्वतःहून कळवायला हवं होतं. पार्किंगचा पण त्रास आहे, विंगर उभी करायला अर्धा तास फिरलो.

डिशचं काम ते करत नाहीत, ते आम्हीच शिकलो. डीडी फ्री डिशसाठी (दूरदर्शनची मोफत डिश सेवा) आपल्याकडे डिशचं तोंड आग्नेयेला आणि आकाशात बरंच वर, साधारण 57 अंश, त्यामुळे डोंगर सहसा आड येत नाही पण झाडाखाली गाडी लावली की सिग्नल गेला.

तीन ट्रिप झाल्या. मागच्या वेळी नानांनी बातम्या बघून नंतरचं कीर्तन पण पूर्ण ऐकलं आणि सकाळी गाडी एका चावीत चालू झाली.

शुक्रवारी दुकान बंद असतं. आणि जाताना टीव्हीचा अडॅप्टर आठवणीने बरोबर न्या.