धडगावचं झेरॉक्सचं दुकान: वनहक्काची फाईल इथेच बांधून घ्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावात संस्थेच्या कामासाठी नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी एकच सांगते. भाड्याची खोली मागून शोधा, आधी हे दुकान बघून घ्या. तहसील कचेरीकडे जाताना निळ्या पत्र्याचं, बाहेर लाकडी बाक असलेलं. पाटीवर झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म एवढंच लिहिलंय. दादा मशीनवर असतात, वहिनी टायपिंगला. घरात अहिराणी, गिऱ्हाइकाशी पावरी, आणि अर्ज टाइप करताना कचेरीची मराठी. तिन्ही भाषा वहिनी एकाच दमात बोलतात.

मी अमळनेर तालुक्यातली. जळगावला समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं आणि तीन वर्षांपूर्वी वनहक्क आणि ग्रामसभेच्या कामावर इथे आले. पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या बाबांचा वैयक्तिक दावा, म्हणजे ते कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा अर्ज, एका कार्यालयात देऊन आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतात याचे दोन पुरावे, गावातल्या वयस्कर माणसाचा जबाब, चतुःसीमा, सगळं जोडलं होतं. दोन महिन्यांनी विचारायला गेले तर असा कागद आलाच नाही म्हणाले. बाबा माझ्या शेजारी उभे होते. पाड्यावरून डोंगर उतरून, चालत आलेले.

त्या दिवशी मूळ कागदांच्या प्रती परत काढायला या दुकानात शिरले. वहिनींनी मान वर न करता विचारलं, "पोच लिन्ही का, ताई?" घेतली नव्हती. कायदा मला पाठ होता, पोच घ्यायची मात्र कुणी शिकवली नव्हती. वहिनींनी अर्जाची दुसरी प्रत काढली, खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने चौकोन आखला आणि म्हणाल्या, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक इथे पडल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही. तो चौकोन मी आजही प्रत्येक अर्जावर आखते.

आता मुख्य गोष्ट, सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याची, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगलावर करायच्या दाव्याची, नमुना क ची फाईल. माझ्या वाट्याच्या एका पाड्याची फाईल मी रात्री जागून तयार केली होती. रंगीत मुखपृष्ठ, जंगलाचे फोटो, जीपीएसचा नकाशा. स्पायरल बाइंडिंग करून द्या म्हटलं. वहिनींनी सरळ नाही म्हटलं. कचेरीत फाईलमध्ये मागाहून कागद लावावे लागतात, स्पायरलमध्ये ते लावता येत नाहीत. उलट मधलं एखादं पान काढलं तर कळतही नाही. म्हणून दोऱ्याची फाईल, प्रत्येक पानावर हाताने क्रमांक, पुढे अनुक्रमणिका आणि अनुक्रमणिकेखाली एकूण पानांची संख्या अक्षरी. शिवाय पूर्ण संच तीन. एक दाखल करायचा, एक संस्थेत आणि एक गावात, वनहक्क समितीच्या ट्रंकेत. तिसऱ्या संचाचे पैसे मला जास्तीचे वाटले होते. ते तसे नव्हते हे वर्षभराने कळलं, कारण मधल्या काळात आमच्या ऑफिसने जागा बदलली आणि आमचा संच सापडेना. गावचा ट्रंकेत होता.

फाईलला दोरा ओवायच्या आधी वहिनींनी ग्रामसभेच्या ठरावाचं पान उघडलं आणि पेनाच्या टोकाने सह्या आणि अंगठे मोजायला लागल्या. मी म्हटलं, वहिनी, हजेरी चांगली झाली होती. त्या मोजत राहिल्या. ९७. मग मतदारयादी मागितली. पाड्यावर प्रौढ माणसं २१२. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे अशा ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. बाया भरपूर होत्या. निम्मे भरत नव्हते. नऊ माणसं कमी पडत होती. मी ग्रामसभा डिसेंबरात घेतली होती, आणि डिसेंबरात अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत असतो. घरी उरतात म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि शाळेतली पोरं. ही गोष्ट मला माहीत होती, तरी तारीख ठरवताना मी पाड्याचं नाही, आमच्या प्रकल्पाचं वेळापत्रक समोर ठेवलं. फाईल त्या दिवशी बांधलीच नाही. होळीला माणसं परत आली, मग ग्रामसभा पुन्हा घेतली. १३१ हजर, त्यात ७४ बाया. ठरावाच्या खाली वहिनींच्या सांगण्यावरून हजेरीची बेरीज लिहिली, पुरुष आणि बाया वेगळ्या. ती फाईल आज दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे आहे. अजून एकही त्रुटी निघालेली नाही.

एवढं सगळं एका झेरॉक्सच्या दुकानात कसं कळतं, असं कुणालाही वाटेल. वनहक्काचा कायदा २००६ चा, नियम २००८ पासूनचे. तेव्हापासून या तालुक्यातले दावे, त्यांच्या नामंजुरीची पत्रं, अपिलं या काचेवरून गेली आहेत. परत आलेली प्रत्येक फाईल वहिनी वाचतात. कोणत्या कारणाने परत आली हे त्यांच्या लक्षात राहतं. आमच्यासारखे कार्यकर्ते दोन वर्षांत बदलतात, त्या बदललेल्या नाहीत.

हे बदलणं मला बोचतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बाहेरच्या बाकावर संध्याकाळी जी मंडळी बसतात त्यांत उमेदचे, म्हणजे बचतगटांच्या सरकारी अभियानाचे, प्रभाग समन्वयक असतात, रोजगार हमीचे तांत्रिक सहायक, कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पाण्याचं काम करणारे इंजिनिअर, पुण्यामुंबईकडून फेलोशिपवर आलेली मुलं. बहुतेकांची नेमणूक अकरा महिन्यांची किंवा प्रकल्पापुरती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुकान रात्री उशिरापर्यंत चालू असतं, कारण सगळ्यांची बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्रं ३१ तारखेच्या आत जायची असतात. एप्रिलात बाकावरचे दोनतीन चेहरे दिसत नाहीत. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला त्या देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने २० टक्क्यांची मर्यादा घातली, आधी ती ५० होती. संस्थांचे लेखापाल, समन्वयक, अनुभवी माणसं यांचा पगार बराचसा याच खात्यातून निघतो. नव्या मुलाला हाताशी धरून शिकवणारं माणूस मग ऑफिसात उरत नाही. माझ्या आधी या कामावर असलेली मुलगी मला कधी भेटलीच नाही. तिने जमवलेले जुने जबाब, १९८० च्या दशकातल्या दंडाच्या पावत्या, हे सगळं मला मिळालं ते वहिनींच्या कॉम्प्युटरवर, पाड्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल फाडलेली दंडाची पावती हा ताब्याचा पक्का पुरावा असतो. त्या पावत्या हरवल्या असत्या तर चौदा घरांचे दावे लुळे पडले असते.

२०२५ साली साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाकावर दिवसभर तोच विषय होता. बारीपाडा आपल्याच खान्देशातलं. गावाने जंगल राखलं, आणि राखणारा माणूस गाव सोडून गेला नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने त्या दिवशी हिशोब केला की आपण इथे किती वर्षं टिकू. मी पाच म्हटलं. आता जास्त म्हणेन.

तर आता जिथे कमी पडतात तेही लिहिते, कारण ते महत्त्वाचं आहे. याच दुकानात खराब निघालेल्या झेरॉक्स एका खोक्यात पडून असायच्या आणि रद्दीत जायच्या. त्यांत आधार कार्डं, बँक पासबुकाची पहिली पानं. एकदा शेजारच्या गाडीवर मला भजी ज्या कागदात मिळाली त्यावर आमच्याच पाड्यावरच्या एका बाईचा आधार क्रमांक होता. मी तो कागद घेऊन परत गेले. वहिनींचा चेहरा उतरला. तेव्हापासून खराब प्रती त्या फाडून चुलीत घालतात, मी स्वतः पाहिलंय. पण कॉम्प्युटरला अजून पासवर्ड नाही, आणि ज्या फोल्डरचं मी वर कौतुक केलं तो कुणालाही उघडता येतो. त्यासाठी या दुकानाच्या पाच ताऱ्यांतला एक तारा मी कापते. तो मी पासवर्ड लागल्यावरच परत देणार आहे, आणि हे त्यांना सांगितलंय.

वीज जाते, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो पण मोठं मशीन नाही. बाजाराच्या दिवशी दहानंतर जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. ऑनलाइन फॉर्म सर्व्हरच्या मर्जीवर.

दर: साधी प्रत २ रुपये, दोन्ही बाजू ३, मराठी टायपिंग पानाला ३०. पाड्यावरचं माणूस स्वतःचा दावा घेऊन आलं तर टायपिंगचे निम्मे घेतात. संस्थेच्या माणसाकडून पूर्ण, पावतीसह. तेही बरोबर आहे. मजकूर स्वतः टाइप करून नेणार असाल तर युनिकोडमध्ये न्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अक्षरं तुटतात आणि नावात एक काना जरी गेला तरी दावा दुसऱ्याच माणसाचा होऊन बसतो. नावं मतदारयादीप्रमाणे तपासून मगच प्रिंट द्या. वहिनी विचारतीलच.

पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याची बस दोनतीन दिवस बंद पडते आणि फाईल घेऊन शहाद्यावरून फिरून जावं लागतं. अशा वेळी वहिनींकडे जाड प्लास्टिकची पिशवी मागा. दोन पिशव्या एकात एक घालून, तोंडाला सुतळी बांधून देतात. त्याचे पैसे घेत नाहीत.