माउझरचा क्रमांक आणि ल्यूगरचे ठसे: आधी काय पाहावे?

जुने लष्करी पिस्तूल संग्रहासाठी निवडताना आधी क्रमांक वाचावा की धातूवर मारलेले ठसे, याचे उत्तर पिस्तुलागणिक बदलते.

माउझर सी-९६ या जर्मन पिस्तुलाचे क्रमांक १८९६ पासून बहुतांशी एकाच मालिकेत वाढत गेले. त्यामुळे केवळ क्रमांकावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. मात्र १८९९ मधील इटालियन नौदलाच्या ५,००० पिस्तुलांना स्वतंत्र क्रमांक होते, आणि पहिल्या महायुद्धात प्रशियन (जर्मन) सैन्यासाठी बनलेल्या, मुठीवर तांबडा ९ असलेल्या ९ मिमीच्या पिस्तुलांची मोजणीही १ पासून नव्याने सुरू झाली. म्हणून असा तांबडा ९ कोरलेल्या पिस्तुलाचा चार आकडी क्रमांक पाहून ते १८९७ चे समजणे चूक ठरते. त्या ९ वरही फार विसंबू नये, कारण मुठीच्या लाकडी पट्ट्या एका स्क्रूवर निघतात आणि सहज बदलता येतात.

ल्यूगर या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाच्या बाबतीत नुसता क्रमांक जवळजवळ निरुपयोगी आहे. लष्करी पिस्तुलांची मोजणी दरवर्षी १ पासून होई, दहा हजारांनंतर पुढे a, b असे अक्षर जोडले जाई, आणि डीडब्ल्यूएम व एरफुर्ट हे दोन्ही कारखाने हीच रीत पाळत. साहजिकच, चेंबरवरील (गोळी बसते त्या भागावरील) वर्ष आणि कारखान्याचा ठसा सोबत वाचल्याखेरीज क्रमांकाला अर्थ नाही. क्रमांकाचा खरा उपयोग पुढे होतो: त्याचे शेवटचे दोन आकडे लहान सुट्या भागांवरही मारलेले असतात, आणि एखाद्या भागावर वेगळे आकडे दिसले तर तो भाग नंतर बसवलेला असण्याचीच शक्यता अधिक.

निर्यातीचे ठसे वेगळी गोष्ट सांगतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे रोमन लिपीत ‘जर्मनी’ असा ठसा असलेले ल्यूगर सहसा व्यापारी मार्गाने तिकडे गेलेले असते, सैनिकाने युद्धातून आणलेले नव्हे. अर्थात, महायुद्धानंतर दुरुस्त करून विकलेल्या लष्करी पिस्तुलांवरही तो आढळतो. चीनला गेलेल्या काही माउझरांवर ‘जर्मनीत बनवलेले’ असे चिनी अक्षरांत कोरलेले असते.

क्रमांकाची नोंदवही हाती असेल तर मात्र चित्र पालटते. १९१४ मध्ये कलकत्त्यात रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीची ५० माउझर पिस्तुले क्रांतिकारकांनी पळवली, तेव्हा कंपनीकडे प्रत्येकाचा क्रमांक लिहिलेला असल्याने सापडलेले पिस्तूल त्यांतलेच आहे, हे पोलिसांना ठरवता येई.

नवख्या संग्राहकाला मी ल्यूगरच सुचवीन. त्यावर ताडून पाहण्याजोगे पुरावे अधिक असतात.