एअरपोर्टवरून शहरात: अकरा महिन्यांचा अनुभव, आणि त्या एका सरचार्जबद्दल

गेट उघडलंच नाही. हातात दिवसभराचा पास, त्याच पासवर सकाळपासून मेट्रो, ट्राम, बस सगळं केलेलं, आणि एअरपोर्टच्या स्टेशनवर बाहेर पडताना समोर लाल फुली. परत लावला, परत फुली. मागे रांग वाढत चाललेली, एक जण सुस्कारे सोडतोय, माझी बॅग गेटच्या दोन पट्ट्यांमध्ये अर्धी आत अर्धी बाहेर. खिडकीतला माणूस म्हणाला पास बरोबर आहे, पण हे स्टेशन वेगळं, इथून बाहेर पडायचे वेगळे पैसे लागतात. किती, तर माझ्या अख्ख्या दिवसाच्या पासापेक्षा जास्त. विमानाला वेळ कमी होता म्हणून भरले, पण सिक्युरिटीच्या रांगेत उभी असताना डोक्यात तेच चाललेलं, की ट्रेन तीच, रूळ तेच, आधीच्या स्टेशनपर्यंत एक पैसा जास्त नाही आणि पुढच्या दोन मिनिटांसाठी एवढे?

शहर कुठलं ते राहू दे, असं करणारी बरीच आहेत. कामामुळे गेल्या अकरा महिन्यांत मी डझनभर एअरपोर्टवर उतरलेय, काही ठिकाणी तीन तीनदा, बहुतेक वेळा एकटी आणि एका केबिन बॅगेवर. एक्सप्रेस ट्रेन, साधी ट्रेन, बस, टॅक्सी हे पर्याय सगळ्यांना माहीत असतात त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. ऑफिस ठरावीक भत्ता देतं, उरले ते आपले, त्यामुळे हा हिशोब मी खरंच मनापासून करते.

तर हा सरचार्ज, म्हणजे भाड्यावरची ही जादा फी. तो लागतो कशाला हे शोधलं तेव्हा राग जरा कमी झाला, पूर्ण गेला नाही. बऱ्याच ठिकाणी एअरपोर्टचा रूळ किंवा तिथली स्टेशनं खाजगी पैशातून बांधलेली असतात आणि तो पैसा वसूल करायला त्या स्टेशनातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडून वेगळी फी घेतात. सिडनीची एअरपोर्ट लाइन 2000 साली ऑलिम्पिकच्या आधी सुरू झाली, तिथल्या डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल अशा दोन्ही स्टेशनांवर ही फी आहे. त्याच लाइनवरच्या मॅस्कॉट आणि ग्रीन स्क्वेअरलाही ती होती, पण 2011 मध्ये तिथली काढून टाकली. म्हणजे एअरपोर्टवरून 420 नंबरची बस पकडून मॅस्कॉटला उतरलं आणि तिथून ट्रेन घेतली की फी लागतच नाही. मी दोनदा केलं, वेळ जास्त जातो पण जमतं. स्टॉकहोमला अर्लांडा एअरपोर्टच्या स्टेशनचंही तसंच, लोकल ट्रेनने गेलात तरी स्टेशनात जायचे-यायचे वेगळे पैसे, पण 583 नंबरच्या बसने मार्स्टाला जाऊन तिथून लोकल घेतली तर शहराच्या साध्या तिकिटात काम होतं. न्यूयॉर्कला जेएफके एअरपोर्टची स्वतःची एअरट्रेन टर्मिनल टर्मिनलमध्ये फुकट आहे, शहराकडच्या जमैका किंवा हॉवर्ड बीच स्टेशनला बाहेर पडलात की पैसे. मात्र लेफर्ट्स बुलेवार्ड नावाच्या स्टेशनपर्यंत ती फुकटच आहे आणि तिथून क्यू10 बस सबवेपर्यंत, म्हणजे तिथल्या मेट्रोपर्यंत नेते. हाँगकाँगला थोडं वेगळं, तिथे एअरपोर्ट एक्सप्रेसच महाग आहे, पण एस1 बसने तुंग चुंगला गेलात की नेहमीची मेट्रो मिळते आणि खर्च खूपच खाली येतो.

तुमच्या लक्षात आलं असेल की सगळीकडे युक्ती एकच आहे. एअरपोर्टच्या स्टेशनवरून ट्रेनमध्ये चढायचंच नाही, तिथे काम करणारे लोक रोज ज्या साध्या बसने जातात ती बस शोधायची आणि पुढच्या स्टेशनवरून चढायचं. नव्या शहरात मी आता सगळ्यात आधी हेच बघते, नकाशावर एअरपोर्टच्या पुढचं स्टेशन कुठलं आणि तिथपर्यंत साधी बस आहे का. ही बस आगमनाच्या हॉलमधल्या मोठ्या बोर्डवर सहसा दिसत नाही, तिथे एक्सप्रेसचीच जाहिरात असते, बसचा थांबा कुठेतरी टोकाला असतो. मला याचाच जास्त त्रास होतो. फी घ्या, पण दुसरा रस्ता आहे हे निदान लिहा तरी. पहिल्यांदा आलेला माणूस, झोप नाही, भाषा कळत नाही, तो बिचारा समोर दिसेल ते तिकीट काढतो.

आणि हे सगळीकडे असायलाच पाहिजे असंही नाही ना. कोपनहेगनला मेट्रो थेट टर्मिनलला येते, शहराच्या नेहमीच्या झोनच्या तिकिटात पंधराएक मिनिटांत मध्यात पोचवते. सिंगापूरला चांगी एअरपोर्टहून मेट्रोचं नेहमीचंच भाडं. लक्झेंबर्गने तर 2020 पासून अख्ख्या देशातली बस, ट्राम, ट्रेनचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट केलाय, बाहेरून आलेल्यांनाही, एअरपोर्टची बसही त्यातच. तिथे उतरून मी मशीन शोधत होते तर एका बाईंनी हाताने खूण करून सांगितलं की नुसतं चढा. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता एक्सप्रेस ट्रेनबद्दल. त्यांची जी मिनिटं मोठ्या अक्षरात लिहिलेली असतात ती फलाट ते फलाट असतात, तुमच्या दारापर्यंतची नाही. व्हिएन्नाला कॅट नावाची एक्सप्रेस 16 मिनिटांत वीन मिट्टे स्टेशनला नेते आणि साधी एस7 लोकल साधारण 25 मिनिटांत त्याच वीन मिट्टेला नेते, भाड्यात मात्र जवळपास तिप्पट फरक. म्हणजे नऊ मिनिटांचे तेवढे पैसे. ओस्लोला फ्लायटोगेट ही एक्सप्रेस आणि साधी ट्रेन यांच्यात चारेक मिनिटांचा फरक, भाडं जवळपास दुप्पट. एक्सप्रेस जास्त वेळा सुटते हे कबूल, पण साधी समोर उभी असेल तर तीच आधी पोचवेल. शांघायची मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर रुळाच्या वर तरंगत जाणारी ट्रेन, ताशी 431 किमी वेगासाठी जगभर गाजली, 30 किमी आठेक मिनिटांत, आणि जाऊन थांबते लाँगयांग रोडला, शहराच्या मध्याला नाहीच, तिथून परत मेट्रो घ्यायची. लंडनला हीथ्रो एक्सप्रेस 15 मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण तुमचं हॉटेल लिव्हरपूल स्ट्रीटकडे असेल तर पॅडिंग्टनला उतरून बॅग घेऊन परत खाली जावं लागतं. 2022 मध्ये एलिझाबेथ लाइन ही शहराच्या आरपार जाणारी ट्रेन सुरू झाल्यापासून मी तिकडे एक्सप्रेस बघतच नाही, ती बसल्या जागी फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीटला नेते. त्याहून स्वस्त हवं तर मेट्रोची पिकॅडिली लाइन, हीथ्रोला 1977 पासून आहे, मध्यात यायला पाऊण-एक तास लागतो, पण ऐनवेळी काढलेल्या एक्सप्रेसच्या तिकिटाच्या चौथ्या हिश्शात.

लंडनचीच एक गोष्ट सांगून ठेवते कारण ओळखीतल्या दोघांचे पैसे गेलेत. आत जाताना गेटवर फोनने टॅप केलं तर बाहेर पडतानाही फोननेच करा. खातं एकच असलं तरी मशीनला फोन आणि प्लास्टिकचं कार्ड ही दोन वेगळी कार्डं दिसतात, दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हीचे जास्तीत जास्त पैसे कापले जातात.

सगळ्याच एक्सप्रेस उगाच पैसे घेतात असंही नाही. क्वालालंपूरचं एअरपोर्ट शहरापासून 57 किमीवर, तिथे एक्सप्रेस 28 मिनिटांत शहरातल्या सेंट्रल स्टेशनला पोचवते, बसला रस्ता मोकळा असला तरी तास लागतो. तिथे मी डोळे झाकून एक्सप्रेस घेते. टोकियोच्या नारिताचंही तसंच, साठेक किमी लांब, स्कायलायनर नावाची एक्सप्रेस 36 मिनिटांत शहरातल्या निप्पोरीला आणि त्याच कंपनीची साधी गाडी जवळपास दुप्पट वेळात, निम्म्याहून कमी भाड्यात. दिवसा उतरले तर साधी, मीटिंग असेल तर स्कायलायनर, असं माझं ठरलंय. अंतर लांब असलं की एक्सप्रेसच्या पैशाला अर्थ येतो, वीसपंचवीस किमीसाठी नाही.

इथपर्यंतचं सगळं मी सात महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं आणि तेव्हा मला वाटायचं की सरचार्ज भरणं म्हणजे चक्क चूक. मग आई बरोबर आली.

आई एकाहत्तरची, उजवा गुडघा दुखतो, पण चालते तशी. दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली. त्या शहरातली एअरपोर्टची साधी बस मला माहीत होती, मागच्या खेपेला मीच त्या बसने आरामात गेले होते, मनात दुसरा विचारसुद्धा आला नाही. थांबा टर्मिनलच्या पार टोकाला, तिथपर्यंतच दहा मिनिटं. बस आली ती भरलेली, कामावरून सुटलेली माणसं, बॅग ठेवायला जागा अशी नाहीच कारण ती बस त्यासाठी बनवलेलीच नाही. एक बॅग माझ्या पायांमध्ये, दुसरी दाराला टेकून, प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्यांसाठी ती उचलायची आणि परत ठेवायची. आई खांब धरून उभी. एकाने उठून जागा दिली तेव्हा निम्मा रस्ता झाला होता. मग स्टेशनवर सरकता जिना बंद. लिफ्ट दुसऱ्या टोकाला. मी पहिली बॅग वर ठेवून परत खाली आले तर आई तिसऱ्या पायरीवर कठड्याला धरून थांबलेली, दुखऱ्या पायावरचं वजन काढून, चपलेची फक्त पुढची टोकं जमिनीला टेकलेली. म्हणाली, "अगं, किती वाचले आपले? मी देते, पण मला बसू दे कुठेतरी."

वाचले किती, तर दोघींचे मिळून एका साध्या जेवणाएवढे. तिचा गुडघा पुढचे दोन दिवस सुजलेला होता, त्यातला एक दिवस आम्ही खोलीतच होतो.

त्यानंतर माझा हिशोब बदलला. मी फक्त तिकिटाची तुलना करत होते. किती वेळा चढ-उतार, बॅगा किती, बरोबर कोण आहे, रात्र आहे का, हे मी कशातच धरत नव्हते कारण एकटीला ते कधी लागलंच नाही. परतीला आम्ही टॅक्सी केली. आणि खरं सांगायचं तर दोघींच्या एक्सप्रेसच्या तिकिटांपेक्षा ती थोडीच महाग पडली, चौघं असतो तर स्वस्त पडली असती. भाडं माणशी बघण्याची सवय झाली की टॅक्सी कायम महाग दिसते, तिचे पैसे गाडीमागे असतात हे विसरायला होतं. बऱ्याच शहरांत एअरपोर्टच्या टॅक्सीचा दर आधीच बांधलेला असतो, जेएफकेहून मॅनहॅटन, पॅरिसच्या शार्ल द गोलहून शहर, माद्रिद, रोम, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी मीटरकडे बघून पोटात गोळा येत नाही. फक्त अधिकृत रांगेतूनच घ्यायची, हॉलमध्ये जवळ येऊन विचारणाऱ्याबरोबर जायचं नाही.

रात्रीचं वेगळं बघा. विमान साडेअकराला उतरणार म्हणजे तुम्ही साडेबाराला बाहेर, आणि बहुतेक ठिकाणी शेवटची ट्रेन तोपर्यंत गेलेली असते. लंडनला रात्री एन9 बस हीथ्रोहून थेट मध्यात येते, शुक्रवार-शनिवारी पिकॅडिली लाइन रात्रभर असते, पण असं सगळीकडे नाही. विमानाचं तिकीट काढतानाच मी आता शेवटच्या ट्रेनची वेळ बघते, कारण रात्रीचं स्वस्त विमान आणि त्यावर टॅक्सी मिळून दुपारच्या विमानापेक्षा महाग पडलंय, एकदा नाही, दोनदा.

तसंच तिकिटावरच्या शहराच्या नावावर जाऊ नका. पॅरिस बोव्हे पॅरिसपासून 85 किमीवर आहे आणि फ्रँकफर्ट हान फ्रँकफर्टपासून 120 किमीच्या आसपास. तिथे लोकल वगैरे विषयच नाही, शहरापर्यंतची खास बस हाच मुख्य रस्ता, तिचे पैसे तिकिटात मिळवून मगच स्वस्त का महाग ते ठरवा.

सरचार्जबद्दलचं मत तरीही पूर्ण बदललेलं नाही. त्या पहिल्या शहरात मी लेखी तक्रार केली होती, की फी घ्या पण शहरात पास विकतानाच सांगा, आणि आगमनाच्या हॉलमध्ये बसचा बोर्ड लावा. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की सूचना संबंधित विभागाकडे पाठवलीये. मागच्या महिन्यात परत तिथे उतरले तेव्हा मुद्दाम बघितलं. मशीनवर आता पास निवडला की खाली एक ओळ येते, एअरपोर्ट स्टेशन यात धरलेलं नाही. बसचा बोर्ड अजून नाही.

त्या खेपेला एकटी होते, एकच बॅग, दुपारची वेळ. बसने गेले.