नाट्यपदांचे इंटरनेट रेडिओ केंद्र: तयार सेवा की स्वतःचा सर्व्हर?

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरील मराठी नाट्यपदे चोवीस तास वाजवणारे एक लहानसे इंटरनेट रेडिओ केंद्र मी हौसेखातर चालवतो. पहिले चौदा महिने ते एका तयार सेवेवर होते आणि त्यानंतर भाड्याच्या सर्व्हरवर अझुराकास्ट हे इंटरनेट रेडिओ चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवून मी ते तिकडे हलवले. स्ट्रीम म्हणजे काय, बिटरेट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे, पण या दोन वाटांपैकी कोणती धरावी याचा निर्णय होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझा कल कोणत्या बाजूला आहे ते पुढे दिसेलच. मात्र तो माझ्या विषयातून आलेला आहे आणि तुमचा विषय वेगळा असेल, तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

तयार सेवेच्या बाजूने बोलायचे, तर त्या चौदा महिन्यांत केंद्र बंद पडल्याचे मला एकदाही आठवत नाही. गाणी चढवावीत, प्लेलिस्टचे वेळापत्रक लावावे आणि निश्चिंत व्हावे. सकाळी नांदी आणि रात्री भैरवी हा क्रम मी एकदा लावून दिला, तो अखेरपर्यंत तसाच चालला. स्वतःच्या सर्व्हरवर ही निश्चिंती मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या सर्व्हरची डिस्क रोजच्या बॅकअपांनी भरून गेली आणि रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंत केंद्र मुके राहिले. आपल्याकडची पहाट म्हणजे न्यू जर्सीतली संध्याकाळ, आणि माझे सर्वांत निष्ठावान श्रोते नेमके तिथले असल्यामुळे ती गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून बॅकअप दुसऱ्या ठिकाणी जातात आणि सात दिवसांपूर्वीचे आपोआप पुसले जातात. पण ही व्यवस्था मलाच लावावी लागली, हे विसरून चालणार नाही.

खर्चाचा मुद्दा माझ्या मते दुय्यम आहे. जुन्या तबकड्या मोनोच असल्याने ६४ केबीपीएसचा मोनो एमपी३ स्ट्रीम माझ्या कानाला पुरेसा वाटतो. त्या हिशेबाने एका श्रोत्यामागे तासाला सुमारे २९ एमबी डेटा जातो. म्हणजे दहा जण महिनाभर अखंड ऐकत राहिले, तरी २०० जीबीच्या थोडे पुढे. दोन जीबी मेमरीचा साधा सर्व्हर मला आजवर कमी पडलेला नाही. तयार सेवेची वर्गणी सर्व्हरच्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट होती, शिवाय एका वेळी किती श्रोते याची मर्यादा होतीच. तरीही एवढ्या फरकासाठी मी केंद्र हलवले नसते.

ते हलवले एका क्रॉसफेडसाठी.

१९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रणे सुरू झाली, तेव्हा त्यांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला दाबल्या जात. कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या कारागिरांना कळावे, म्हणून गायक पद संपल्यावर आपले नाव उच्चारत असत, असे सांगितले जाते. गायिका गौहर जान यांची ही उद्घोषणा प्रसिद्ध आहे. पण त्या काळातील इतर कित्येक तबकड्यांवरही ती ऐकू येते. माझ्या संग्रहात अशी काही पदे आहेत. तान संपते, हार्मोनियमचा स्वर विरतो, सुईची खरखर क्षणभर एकटीच उरते आणि मग घाईघाईने, बोलण्याच्या साध्या आवाजात, नाव येते. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. गाताना ज्या आवाजाने आपल्याला भारून टाकले, तोच आवाज माणसासारखा बोलतो, तो फक्त तेवढाच वेळ. हे केंद्र काढण्यामागे माझ्या मनात जी काही कारणे होती, त्यांत हे क्षण लोकांना ऐकवणे हे पहिले होते.

त्या सेवेचा क्रॉसफेड नेमका हाच तुकडा खात असे. एक गाणे विरत असताना दुसरे चढवायचे, ही सोय आजच्या गाण्यांना शोभते. तिथे ती किमान तीन सेकंदांची होती, पूर्ण बंद करता येत नव्हती आणि सगळ्या केंद्राला एकच लागू होती. मी विचारणा केली, तेव्हा उत्तर सौजन्याने आले, पण उपाय नव्हता. मग मी फाइलींच्या शेवटी पाच सेकंदांची शांतता जोडून पाहिली. गाण्याच्या टोकांची शांतता छाटण्याचे कामही ती सेवा आपणहून करत असल्याने माझी जोड आधी कापली जाई आणि नाव पुन्हा पुढच्या पदाच्या तबल्याखाली बुडे. शेवटचा प्रयत्न म्हणून तबकडीची खरखरच लांबवून जोडली. ती टिकली खरी, पण मूळ ध्वनिमुद्रणाला आपण नसलेली शेपटी लावतो आहोत ही टोचणी राहिली, आणि विसाव्या फाइलीनंतर मी ते काम थांबवले.

अझुराकास्टमध्ये क्रॉसफेड सरळ बंद करता येतो. एखाद्या पदापुरता तो हवा असेल, तर गाणे कुठून सुरू व्हावे, कुठे संपावे आणि विरण्याला किती वेळ द्यावा, हे त्या त्या फाइलीला वेगळे सांगता येते. या सगळ्यामागे काम करणारे लिक्विडसोप हे सॉफ्टवेअर शिकायला अवघड आहे, हे मान्य. पण एवढ्या कामासाठी मला त्यात शिरावे लागले नाही. तयार सेवेवर काही श्रोत्यांना पदांची देवनागरी नावे प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसत, तीही तक्रार येथे आल्यावर मिटली.

परवान्यांच्या बाबतीत दोन्ही वाटा भारतात सारख्याच. काही परदेशी सेवा आपल्या वर्गणीत स्वामित्वशुल्क धरतात, पण ते ठरावीक देशांपुरते. आपल्याकडे आकाशवाणी किंवा एफएमसाठी असलेली कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डची वैधानिक परवान्याची (म्हणजे ठरलेले शुल्क भरून हक्कधारकाच्या वेगळ्या परवानगीशिवाय वाजवण्याची) सोय इंटरनेट प्रसारणाला लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक ही ऑनलाइन गाण्यांची सेवा यांच्यातील वादात ठरवले आणि २०२२ साली खंडपीठानेही ते कायम ठेवले. म्हणून मी हक्कांची मुदत संपलेल्याच तबकड्या वाजवतो. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षे असते. पण पद रचणारा आणि चाल बांधणारा यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले आणि संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली, त्यामुळे त्यांची अडचण नाही. मास्टर कृष्णराव मात्र १९७४ साली गेले, म्हणून त्यांनी बांधलेल्या चाली, तबकडी कितीही जुनी असली तरी, २०३४ सालच्या अखेरपर्यंत मला बाजूला ठेवाव्या लागतात. हा तपास कोणतीही सेवा तुमच्यासाठी करणार नाही.

तुमचे केंद्र गप्पांचे, कथावाचनाचे किंवा अलीकडच्या गाण्यांचे असेल आणि महिन्यातून दोन संध्याकाळी सर्व्हरकडे पाहण्याइतकी सवड नसेल, तर तयार सेवा घेण्यात मला काही वावगे दिसत नाही. ध्वनिमुद्रण पहिल्या खरखरीपासून शेवटच्या शब्दापर्यंत जसेच्या तसे पोहोचले पाहिजे असा आग्रह असेल, तर स्वतःचा सर्व्हर घ्यावा, असे मी सुचवेन. निदान सेवेचे पैसे भरण्याआधी शेवटी नाव असलेली दोन पदे तिच्यावर लागोपाठ वाजवून पाहावीत.

कोणतीही वाट धरली, तरी स्ट्रीमचा पत्ता पहिल्या दिवसापासून स्वतःच्या डोमेनवर ठेवावा. मी सुरुवातीला सेवेने दिलेला पत्ताच वाटला होता. केंद्र हलवल्यावर तो बंद झाला आणि ज्या ज्येष्ठ श्रोत्यांना त्यांच्या नातवंडांनी तो एकदाच फोनवर लावून दिला होता, त्यांतले काही जण अजून परतलेले नाहीत.