मुलांना स्पॅनिश शिकवायचं: स्पेनचं की मेक्सिकोचं?

शाळेत स्पॅनिश सुरू करायचं ठरलं की पुस्तक निवडतानाच हा प्रश्न येतो. बोलणाऱ्यांच्या संख्येवर जायचं तर मेक्सिको कितीतरी पुढे: तिथली लोकसंख्या 12 कोटींच्या वर, स्पेनची 5 कोटींच्या आत.

वर्गात फरक जाणवतो तो क्रियापदांत. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'वोसोत्रोस' म्हणतात, मान द्यायचा तर 'उस्तेदेस'. मेक्सिकोत दोघांनाही 'उस्तेदेस'च, म्हणजे प्रत्येक काळात पाठ करायचं एक रूप कमी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ही सवलत मोठी आहे. एकवचनात मात्र 'तू' आणि 'उस्तेद' दोन्हीकडे आहेत. तू-तुम्ही करत वाढलेल्या मुलांना ते फारसं समजवावं लागत नाही.

शुद्धलेखनात स्पेनची बाजू वरचढ. 'कासा' म्हणजे घर, 'काथा' म्हणजे शिकार. मेक्सिकोत दोन्हींचा उच्चार 'कासा'च होतो, त्यामुळे कुठे कोणतं अक्षर लिहायचं ते लक्षात ठेवावं लागतं. (हा 'थ' आपला नव्हे, जीभ दातांमध्ये आणून काढायचा. अंदालुसियाच्या बऱ्याच भागात आणि कॅनरी बेटांवर तोही नाही.) शब्दांचं फार मनावर घेऊ नका. गाडीला स्पेनमध्ये 'कोचे', मेक्सिकोत 'कार्रो'. मुलं दोन्ही उचलतात. फक्त 'कोखेर' जपून शिकवा. स्पेनमध्ये त्याचा अर्थ साधा 'घेणं', मेक्सिकोत तो अश्लील शब्द आहे.

सण-संस्कृतीत माझं मत मेक्सिकोला. 1 आणि 2 नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस वर्गात उभा करता येतो: वेदी, साखरेच्या कवट्या, कागदी पताका आणि झेंडू. हे फूल मूळचं तिकडचंच. 2008 पासून हा सण युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. त्याला हॅलोविनचा भाऊ करून टाकू नका, एवढंच. स्पेनकडे 31 डिसेंबरच्या मध्यरात्री 12 टोल्यांबरोबर खायची 12 द्राक्षं आहेत आणि 6 जानेवारीला भेटी आणणारे तीन राजे. मजा आहे, पण तासाभरात संपते.

परीक्षेची काळजी नको. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेची शाळकरी मुलांसाठीची 'देले' परीक्षा कुठल्याही देशाची बोली मान्य करते.

दहा वर्षांखालच्या वर्गासाठी मी मेक्सिकोचं पुस्तक घेईन. 'वोसोत्रोस' बारा-तेराव्या वर्षी, तेही आधी फक्त ओळखण्यापुरतं. शिक्षक स्पेनचं स्पॅनिश बोलणारे असतील तर मात्र पुस्तकही तिकडचंच घ्या. तोंडात एक आणि फळ्यावर दुसरं असलं की पहिल्या वर्षी मुलं गोंधळतात.