बिगफिक्समधील ऑपरेटरच्या परवानग्या: एक परीक्षण

मुंबईभर शाखा असलेल्या एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात मी काम करतो. शाखांतील संगणकांवर पॅच (सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या) चढवण्यासाठी आणि सॉफ्टवेअर बसवण्यासाठी आम्ही बिगफिक्स वापरतो. हे उत्पादन २०१० मध्ये आयबीएमकडे आणि २०१९ मध्ये एचसीएलकडे गेले. मालक बदलले तरी त्याची मूळ रचना टिकून आहे. त्या रचनेतील ऑपरेटरच्या, म्हणजे बिगफिक्स चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, परवानग्या हाच या परीक्षणाचा विषय आहे, कारण रोजच्या कामातील सर्वाधिक तक्रारी तिथेच उद्भवतात.

साध्या ऑपरेटरला कोणते संगणक दिसावेत, कोणत्या साइटवरील (म्हणजे संग्रहातील) फिक्सलेट (अडचण ओळखून तिची दुरुस्ती देणारे तयार संदेश) दिसावेत आणि त्यांवर काय करता यावे, हे तीन प्रश्न बिगफिक्समध्ये वेगवेगळे ठरवता येतात. मास्टर ऑपरेटरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्याला, मात्र सगळेच दिसते. माझ्या मते तीन गोष्टींची ही फारकत या उत्पादनाचे सर्वांत मोठे बळ आहे. पण ती नीट न समजल्यास एकाच लक्षणामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात, हेही तितकेच खरे.

गेल्या पावसाळ्यात बोरिवलीची शाखा आम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे हलवली. दुसऱ्याच दिवशी उपनगरांचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या यादीतून त्या शाखेचे संगणक नाहीसे झाले. संध्याकाळी पॅच चढवायचे होते, म्हणून तो म्हणाला, "सर, मला तात्पुरतं मास्टर करा ना, काम झालं की काढून घ्या." त्याची घाई रास्त होती, तरीही मी नकार दिला. मास्टर केल्यावर संगणक दिसले असते, पण ते का दिसेनासे झाले हे कळलेच नसते, आणि त्याच्या हाती मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरचेही अधिकार गेले असते.

माझ्या कन्सोलवर (बिगफिक्स चालवण्याच्या पडद्यावर) तर सारे जिथल्या तिथे दिसत होते. ज्याच्याकडे सर्व अधिकार आहेत त्याला अधिकारांची उणीव दिसत नाही, म्हणून सहकाऱ्याच्याच रोलचे (ऑपरेटरना एकत्रित दिलेल्या अधिकारांच्या संचाचे) एक चाचणी खाते मी कायम ठेवलेले आहे. त्या खात्याने लॉगिन केल्यावर सहकाऱ्याला दिसत होते नेमके तेच मला दिसले. मग ऑपरेटरच्या नोंदीतील 'अ‍ॅडमिनिस्टर्ड कॉम्प्युटर्स' हा टॅब उघडला. आम्ही त्या रोलला संगणक सबनेटच्या (नेटवर्कच्या त्या भागाच्या) पत्त्यावरून नेमून दिले होते आणि नव्या जागेत सबनेट बदलला होता, म्हणजे चूक पूर्णपणे आमच्या मांडणीची होती.

दुरुस्ती केल्यावरही संगणक लगेच परतले नाहीत. नेमणुकीतील बदल प्रत्येक संगणकावरील एजंटपर्यंत (बिगफिक्सच्या छोट्या प्रोग्रामपर्यंत) पोहोचावा लागतो, आणि त्याची सूचना ५२३११ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरून (नेटवर्कवरील ठरलेल्या वाटेने) जाते. नव्या शाखेच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद होते. सूचना न मिळाल्यास एजंट आपल्या ठरलेल्या वेळी, म्हणजे मूळ मांडणीनुसार दिवसातून एकदाच, बदल विचारतो. परवानगीची वाटणारी ही उरलेली अडचण अशी शेवटी नेटवर्कची निघाली. पोर्ट उघडल्यावर त्याच संध्याकाळी यादी पूर्ण झाली.

संगणक दिसत असूनही फिक्सलेट दिसत नसेल, तर साइटवरील वाचनाचा अधिकार तपासावा. फिक्सलेट दिसत असूनही अ‍ॅक्शन (ते संगणकावर राबवण्याचा आदेश) देता येत नसेल, तर ऑपरेटरला व त्याच्या रोलला दिलेले अधिकार तपासावेत. इथे एक गोष्ट विसरली जाते: एकाहून अधिक रोल असल्यास अधिकारांची बेरीज होते आणि अधिक सैल असलेली परवानगी लागू पडते, त्यामुळे एका रोलमधून अधिकार काढला तरी दुसऱ्यातून तो शिल्लक राहतो. आमच्या एका माजी प्रशिक्षणार्थीच्या खात्यावर असाच एक अधिकार बराच काळ राहून गेला होता आणि तो आम्ही वेळेवर तपासला नाही याची मला आजही खंत वाटते.

माझी अपेक्षा एकच आहे. एखादा संगणक किंवा फिक्सलेट विशिष्ट ऑपरेटरला का दिसत नाही, याचे कारण मास्टर ऑपरेटरला कन्सोलमध्येच एका ओळीत मिळायला हवे. तरीही अनेक शाखा आणि अनेक हात असलेल्या संस्थेला मी बिगफिक्सची शिफारस निःसंकोचपणे करेन. सबनेटऐवजी आता आम्ही प्रत्येक संगणकाच्या एजंटमध्ये शाखेचा क्रमांक नोंदवतो आणि त्यावरूनच ऑपरेटर नेमतो. ठाण्याची शाखा पुढच्या महिन्यात हलेल, तेव्हा सबनेट बदलला तरी ही नेमणूक बदलावी लागणार नाही.